मोर्देखायचा कोट यरुशलेमला जातो

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे, आणि एके काळी इस्रायल देशातला कायदा माझ्या जोरावर चालत होता. हे मी थट्टेने सांगत नाही. एकोणीसशे बासष्टच्या हिवाळ्यापासून चौसष्टच्या उन्हाळ्यापर्यंत माझी तशी पक्की समजूत होती. पुढे कळलं की तिथला कायदा अर्ध्या चड्डीत चालतो, आणि मी जवळपास नसलो तर जरा भराभर चालतो.

माझा जन्म मुंबईत नागपाड्याला झाला. चांगल्या सर्जचं कापड, सॅटिनचं अस्तर, डाव्या बाजूला आतला खिसा. मोर्देखाय रूबेन झिराडकर तेव्हा परळच्या एका गिरणीत नोकरीला होता आणि व्हायोलेटशी त्याचं लग्न ठरलं होतं. मापाला त्याची आई जेमायमाबाई स्वतः आली होती. तिने माझी बाही उलटी करून शिवण तपासली आणि शिंप्याला म्हणाली, "खांद्यात जरा सोड रे बाबा. पोरगा अजून भरायचाय." पोरगा पुढे भरला, पण पोटात. खांदे होते तिथेच राहिले, त्यामुळे मी त्याला वरून सैल आणि खालून घट्ट झालो, तो कायमचा.

लग्नात माझी फार वाहवा झाली. नंतर मात्र मला कचेरीचं काम लागलं. रेशनचं कार्ड, खोलीच्या भाड्याची तक्रार, पासपोर्ट, जिथे सरकार तिथे मी. मुंबईच्या कचेरीत मला माझ्या जातीचं मोल कळलं. तिथे कोटवाल्याला खुर्ची मिळते आणि शर्टवाल्याला 'उद्या या' मिळतं. आत बसलेला साहेबही कोटातच असतो. दाराशी स्टुलावर खाकी चड्डीत जो बसलेला असतो तो पट्टेवाला. त्याला पाणी मागावं, त्याच्या हाती चिठ्ठी द्यावी, त्याला विडीला विचारावं. आपलं काम मात्र त्याला सांगू नये. मोर्देखायने हा धडा माझ्याबरोबरच गिरवला आणि तो आम्हा दोघांच्या अस्तरात शिरून बसला.

छप्पन साली मोर्देखाय, व्हायोलेट, दोन पोरं आणि मी इस्रायलला आलो. आम्हाला किर्यात गातला घर मिळालं. गाव नवंकोरं होतं. जमीन सपाट, घरं एका मापाची आणि झाडं माणसाच्या कमरेएवढी. काही वर्षांनी मोर्देखायला तिथल्या कापडगिरणीत काम लागलं आणि त्याचा जीव रमला. माझा रमला नाही. त्या देशात कोट घालायची रीतच नव्हती. मोठमोठे पुढारी उघड्या गळ्याच्या शर्टात भाषणं करायचे. लग्नातला नवरामुलगासुद्धा बाह्या दुमडून उभा राहायचा. व्हायोलेटने माझ्या खिशात डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि मला दारामागच्या खिळ्याला लावलं. दार उघडलं की मी भिंतीशी चेंगरायचो. तेवढीच माझी हालचाल.

बासष्टच्या डिसेंबरात जेमायमाबाई आली. व्हायोलेटचं तिसरं बाळंतपण होतं. म्हातारी तीन महिन्यांच्या पाहुण्याच्या परवान्यावर आली होती. "बाळंतपण उरकते नि जाते," असं तिने विमानातून उतरल्या उतरल्या सांगून टाकलं. ट्रंकेत आमसुलं होती, पोहे होते, बाळंतिणीसाठी डिंक होता. बाळ झालं, मुलगी झाली, डिंक संपला. परवाना संपायला थोडे दिवस उरले असताना मुंबईहून तार आली. जिच्याकडे जेमायमाबाई राहायची ती तिची धाकटी बहीण ब्राखा वारली होती. खोली ब्राखाच्या नावावर होती. किल्ली घरमालकाकडे गेली. म्हातारीला परत जायला दार उरलं नाही.

शिवाय तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिला माणसं सावलीसारखी दिसायची आणि तांदळातले खडे अजिबात दिसायचे नाहीत. ऑपरेशन इस्रायलमध्ये होत होतं, पण ते कुपत होलिममधून, म्हणजे आजारपणाच्या फंडातून, आणि तो फंड रहिवाशांसाठी होता, पाहुण्यांसाठी नव्हता. म्हणजे आईला इथे राहता यायला हवं, एवढीच गोष्ट होती. तेवढ्यावर सगळं येऊन थांबलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग सरळ कचेरीत जाऊन विचारायचं. मित्रांनो, ते दिवस तसे नव्हते. त्या सुमारास आपल्या लोकांच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या यहुद्यांच्या, लग्नांवरून देशात मोठा वाद चालू होता. लग्न नोंदवायला गेलेल्या पोरापोरींना आईच्या आईबद्दल आणि तिच्याही आईबद्दल विचारलं जात होतं. ज्यांच्या आज्यापणज्यांनी शब्बाथ पाळून कोकणात शनिवारी तेलाच्या घाण्याला हात लावला नाही, त्यांच्यावर इथे येऊन आपण यहुदीच आहोत हे सिद्ध करायची पाळी आली होती. लग्नाचा आणि म्हातारीच्या परवान्याचा काही संबंध नव्हता. पण भीती खात्याखात्यांत फरक करत नाही. मोर्देखायला वाटायचं, आईचा कागद उघडला की कुणीतरी पणजीचं नाव विचारणार. आणि पणजीला सगळे 'आजी' म्हणायचे, तिचं नाव कुणाला ठाऊक होतं?

अशा वेळी नेहेमियासाहेब आले.

नेहेमिया मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात कारकून होता. वकील नव्हता, पण वकिलांच्या इतका जवळ बसून आला होता की त्याच्या बोलण्यालाही कलमं आणि पोटकलमं फुटली होती. आता तो बेरशेबाला राहायचा आणि आपल्या लोकांचे सरकारी कागद करून द्यायचा. त्याने चहा घेतला, ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "मोर्देखायभाऊ, फीचं मागाहून बघू. आधी कोट दाखवा."

"कोट?"

"माझा बोटीवर खाऱ्या पाण्याने आटला. यरुशलेमला काय बुशशर्टात जाऊ? केसची काही इज्जत?"

मोर्देखायने मला खिळ्यावरून काढलं. नेहेमियाने मला घातलं आणि आरशात पाहिलं. खरं सांगतो, मी त्याला मोर्देखायपेक्षा चांगला बसलो. खांदे तर जसे त्याच्यासाठीच सोडलेले.

व्हायोलेट बाळाला मांडीवर घेऊन बघत होती. ती म्हणाली, "केस आमची, कोट आमचा, बसभाडं आमचं. तुमचं काय, भावजी?"

"अनुभव, वहिनी."

"अनुभवाला यरुशलेमला जाऊन सांगायचंय काय? आईंना इथे ठेवून घ्यायचंय, एवढंच ना?"

नेहेमियाने घाईघाईने हात वर केला. "एवढंच तर बोलायचं नसतं! सरकारला आपल्याला काय हवं ते कळलं, की सरकार त्याला नाही म्हणू शकतं. आपण मुदत मागायची. नुसती मुदत. मुदतीला नाही म्हणायला सरकारलाही लाज वाटते. अशी मुदत मुदत करत माणूस मुरतो, आणि मग त्याला कोण हलवतो?"

मोर्देखायला हे फार पटलं. मलाही पटलं. मुंबईत आम्ही खोलीचं भाडं असंच लढवलं होतं.

अशा रीतीने माझे दिवस पालटले. दर तीन महिन्यांनी मी नेहेमियाच्या अंगावर बसने यरुशलेमला जायचो. मोर्देखायला रजा काढायला नको, त्याचा कोट गेला की झालं. आतल्या खिशात इंग्रजीत टंकलेला अर्ज असायचा. त्यात लिहिलेलं असायचं की सदर वयोवृद्ध महिला नवजात नातीच्या संगोपनासाठी अल्पकाळ थांबू इच्छिते. कधी, की हवामानबदलामुळे अल्पकाळ विश्रांती आवश्यक आहे. प्रत्येक अर्जाखाली सेवेशी सादर, नम्र, विनम्र आणि कृपाभिलाषी हे सगळे शब्द ओळीने उभे असत.

कचेरीत काय व्हायचं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खिडकीशी एक मुलगी अर्ज घ्यायची, मधलं पान न उलटता शिक्का मारायची आणि पुढच्याला बोलवायची. काम झालेलं असायचं. पण नेहेमियाचं समाधान व्हायचं नाही. तो बोळातल्या बाकावर बसून राहायचा. आतून एखादा कोट बाहेर येईल, तोच साहेब असेल, त्याच्याशी दोन शब्द बोलू, अशी त्याची आशा. बोळात शर्ट यायचे, चपला यायच्या, चहाचे पेले यायचे. कोट कधी आला नाही. दुपारी नेहेमिया व्हायोलेटने दिलेला अंड्याचा पाव खायचा, माझ्यावरचा चुरा झटकायचा आणि परतीची बस धरायचा.

घरी आल्यावर मात्र तो सांगायचा, "साहेब भेटले. म्हणाले, प्रकरण नाजूक आहे."

साहेब कुठे भेटले हे मी खिसे उलटे करून शोधलं असतं, पण कोटाला कोण विचारतो? तो लबाड होता असंही मी म्हणणार नाही. बाकावर बसल्या बसल्या तो साहेबाशी बोलायची वाक्यं इंग्रजीत जुळवायचा तेव्हा माझ्या बाहीत त्याचे हात गार पडलेले असायचे. त्यालाही पणजीचं नाव ठाऊक नसावं.

इकडे जेमायमाबाई पाहुणी होऊन राहिली. 'परवाना' हा शब्द तिने फार मनाला लावून घेतला होता. तिने ट्रंक कधी पूर्ण रिकामी केली नाही. लुगडी दांडीवर टाकायची सोडून घडी करून ट्रंकेतच ठेवायची. दार वाजलं की न्हाणीघरात जाऊन कडी लावायची, न जाणो पोलीस असला तर! शेजारची पनीना, मोरोक्कोहून आलेली, एकदा वाडगं भरून कुसकुस घेऊन आली आणि बराच वेळ बसली. म्हातारी तेवढा वेळ आतच. पनीनाने दोन-तीनदा न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहिलं, काळजीने मान हलवली, आणि संध्याकाळी पोटावरचा कसला तरी पाला उकळून पाठवला.

तिथून त्या दोघींची मैत्री झाली. जिन्यात बसून भाज्या निवडायच्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणाला जागा नव्हती. पनीनाने तिला बाजारापुरतं हिब्रू शिकवलं. पो म्हणजे इथे. दाय म्हणजे पुरे. हाबेन शेली म्हणजे माझा मुलगा. मुलाची तक्रार केल्याशिवाय भाजी निवडून होत नसल्यामुळे तो शब्द लवकर लागला.

चौसष्टच्या मे महिन्यात कागद आला. पाहुण्याच्या परवान्याला आता आणखी मुदत मिळणार नव्हती. संबंधितांनी अमुक तारखेच्या आत कचेरीत यावं, नाहीतर देश सोडावा.

मोर्देखायने कागद वाचला आणि जेवण सोडून उठला. नेहेमियाला निरोप गेला. तो आला तोच दोन योजना घेऊन.

"पहिली, तेल अवीवचा ॲडव्होकेट. मोठा माणूस आहे, अपील घालू. दुसरी, सायप्रस."

"सायप्रसचं काय?"

"आईंना बोटीने सायप्रसला न्यायचं, आठ दिवस ठेवायचं आणि नवीन परवान्यावर परत आणायचं. कायद्याने देश सोडलाही आणि सोडला नाहीही."

व्हायोलेट पोळी लाटत होती, ती थांबली. "जिला समोरचं ताट दिसत नाही, तिला तुम्ही सायप्रस दाखवणार?"

"वहिनी, ही कायद्याची वाट आहे."

"मग कायद्याला म्हणावं, आधी तू जाऊन ये." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, कागदात लिहिलंय, या. आपण जाऊ. तुम्ही रजा काढा, मी येते, आईंना घेऊ."

मोर्देखाय घाबरला. "आईला कशाला? नेहेमिया म्हणतो, पार्टीने साहेबासमोर उभं राहायचं नसतं."

"पार्टी म्हणे! पार्टी जिन्यात भेंडी चिरतेय."

मोर्देखायने माझ्याकडे पाहिलं. मग मला खिळ्यावरून काढून ब्रश मारायला लागला. नेहेमियाने मान फिरवली आणि जाताना एवढंच म्हणाला, "काय हवं ते सांगू नका हां. काहीही झालं तरी."

त्या दिवशी हमसिन सुटला होता, वाळवंटाकडून येणारा तो भाजणारा वारा. अशा हवेत मोर्देखाय माझी तिन्ही बटणं लावून, टाय बांधून बसमध्ये चढला. लोक सरकून बसले. एका म्हाताऱ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हलक्या आवाजात विचारलं, घरातलं कोण गेलं. मोर्देखाय म्हणाला, अजून कुणी नाही. हे बोलून तोच दचकला. बेथ शेमेशच्या पुढे चढ लागला तेव्हा माझं अस्तर त्याच्या पाठीला चिकटलं होतं. आतल्या खिशात पुडकं होतं. आईवडिलांचा लग्नाचा करार, मुंबईच्या सिनेगॉगचं पत्र, वडिलांच्या कबरीचा फोटो. कुणी पणजीचं नाव विचारलं तर हे पुढे करायचं, आणि तेवढ्यावर नाही भागलं तर आईला बोटीत बसवायचं. त्याच्या पुढे त्याला काही सुचत नव्हतं.

कचेरीच्या बोळात मी त्याला माझ्या ओळखीच्या बाकाशी नेलं. तिघं बसली. एवढ्यात खाकी अर्धी चड्डी आणि चपला घातलेला एक माणूस किल्ल्या वाजवत आला. हातात चहाचा पेला, कानावर पेन्सिल.

मोर्देखाय हळूच म्हणाला, "हा पट्टेवाला दिसतो. आईसाठी पाणी मागतो." आणि त्याने मागितलं. त्या माणसाने निमूट पाणी आणून दिलं. म्हातारी बाकावर अवघडली आहे हे पाहून आतून पाठीची खुर्चीही आणून दिली. मग विचारलं, "तुमचं काय काम?"

मोर्देखायने माझी कॉलर सारखी केली आणि आपल्या मोडक्या हिब्रूत सांगितलं, "थँक्यू. आम्ही थांबलोय."

त्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वकील यायचेत का?"

वकिलाचा हिब्रू शब्द मोर्देखायला ठाऊक नव्हता; त्याला वाटलं, हा साहेबांबद्दलच विचारतोय. "हो, हो. ते आले की बोलू."

"बरं." तो खांदे उडवून आत गेला.

वकिलाची वाट बघणाऱ्यांना कुणी त्रास देत नाही. दुपार सरत आली. तो माणूस दोनदा बाहेर आला, आमच्याकडे बघून घड्याळाकडे बघितलं आणि परत आत गेला. बोळातली गर्दी ओसरली. मोर्देखायच्या हनुवटीवरून घाम माझ्या कॉलरवर पडत होता, पण त्याने एक बटण काढलं नाही.

"पाच मिनिटांत खिडक्या बंद होतील," व्हायोलेट म्हणाली. "अहो, कुणाला तरी विचारा."

"कुणाला विचारू? साहेब कुठे दिसतोय?"

जेमायमाबाईने मान वर केली. "ह्यो कोन मघापासून येतो नि जातो?"

"पट्टेवाला आहे, आई."

"पानी त्यानीच दिलं ना?"

"हो."

"खुर्ची?"

"त्यानेच."

"मग बाकीच्यांचं काय करायचंय मना?"

तो तिसऱ्यांदा बाहेर आला तो किल्ल्या घेऊन, दार लावायच्या बेताने. म्हातारी उठली. तिला त्याची चड्डी दिसत नव्हती, चपला दिसत नव्हत्या, कोट नाही हेही दिसत नव्हतं. तिला एक उंच सावली दिसत होती आणि किल्ल्यांचा आवाज येत होता. तिने चाचपडून त्याचं मनगट धरलं आणि तिच्याजवळ होतं नव्हतं तेवढं सगळं हिब्रू वापरून टाकलं.

"अनी पो. हाबेन शेली पो. दाय."

मी इथे. माझा मुलगा इथे. पुरे.

"आई!" मोर्देखाय कळवळला. "काय हवं ते सांगितलंस की गं!"

त्या माणसाने किल्ल्या खिशात टाकल्या. मग त्याने तिचा हात धरूनच तिला आतल्या खोलीत नेलं, टेबलासमोर बसवलं आणि स्वतः टेबलामागे जाऊन बसला.

मोर्देखाय दारातच थिजला. "अगं, हा साहेबांच्या खुर्चीत बसतोय! बिचाऱ्याची नोकरी जाणार आता."

"अहो," व्हायोलेट म्हणाली, "साहेबच आहे तो."

त्याचं नाव त्स्वी होतं. त्याने फाइल मागवली. ती जाडजूड निघाली. नेहेमियाचे सगळे विनम्र आणि कृपाभिलाषी तिच्यात एकावर एक झोपले होते. त्स्वीने पानं चाळली.

"हे कुणी लिहिलं?"

"आमचे सल्लागार आहेत," मोर्देखाय म्हणाला.

"इंग्रजी सुरेख आहे. प्रत्येक अर्जात म्हटलंय, बाई थोडे दिवस राहणार. म्हणून आम्ही दर वेळी थोडे दिवस दिले." त्याने पेन्सिल कानावरून काढली. "आता बाई म्हणतात, इथेच राहायचंय. पाहुणा म्हणून आलेल्याने इथे आल्यावर तसं सांगितलं तरी चालतं, कायद्यातच आहे. हे त्यांनी आधी का नाही सांगितलं?"

व्हायोलेटने सासूला मराठीत समजावून सांगितलं. जेमायमाबाई म्हणाली, "मना कुनी इचारलं?"

हे हिब्रूत सांगायचं धाडस व्हायोलेटलाही झालं नाही. पण त्स्वीला म्हातारीच्या तोंडावरून कळलं असावं.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. "यहुदी?"

हाच तो प्रश्न होता. मोर्देखायचा हात माझ्या आतल्या खिशात गेला आणि पुडक्यासकट अडकला, कारण पोटाकडे मी घट्ट होतो. तो ओढत राहिला. शिवण उसवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्स्वी मात्र तोवर मोर्देखायचं जुनं कार्ड बघत होता.

"मुलाला आम्ही छप्पन साली यहुदी म्हणून लिहून घेतलंय," तो म्हणाला. "आई त्याच्या आधीची असणार." आणि त्याने कागद पुढे सरकवला.

जेमायमाबाईने बोटाने रेघ चाचपून मराठीत सही केली. मोठ्या मोठ्या अक्षरांत, रेघेच्या वर आणि खाली, जेमायमा रूबेन झिराडकर. पणजीचं नाव कुणी विचारलं नाही.

मोर्देखाय बोळात आला आणि बाकावर बसला. मग त्याने पहिल्यांदा माझी बटणं काढली, एक, दोन, तीन, मला अंगावरून उतरवलं आणि टाय ओढून काढला. त्याच्या तोंडून 'हुश्श' असा आवाज निघाला, तो सायकलच्या नळीतून हवा जावी तसा बराच वेळ निघत राहिला. तो हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला, मग परत हसायला लागला. म्हातारी विचारत होती, "झालं? येवढंच? जायचं आता?" व्हायोलेट तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "झालं, आई, झालं. आता न्हाणीघरात लपायला नको." तिघं बाहेर गेली. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी गझोझ प्यायलं, म्हणजे रंगीत सरबताचा सोडा, हे मला मागाहून कळलं. कारण त्या आनंदात ती मला बाकावरच विसरून गेली.

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण सोळा-सतरा महिने ज्याची धास्ती मी दारामागून बघत आलो होतो, तो माणूस असा मोकळा शर्टात पळताना पाहिला आणि माझीही शिवण सैल झाली. तशी ती उसवलेलीच होती.

त्स्वीने मला उचलून आपल्या खुर्चीमागच्या खुंटीला लावलं. आठवडाभर मी तिथे होतो. त्या आठवड्यात मुंबईकडच्या दोन माणसांनी दारातून मला पाहिलं आणि सरळ आत येऊन त्स्वीला आपलं काम सांगितलं. तेवढी मी कायद्याची सेवा केली, ती कुणी नाकारू नये.

मला परत आणलं नेहेमियाने. त्याला दुसऱ्या एका केसच्या मुदतीसाठी जायचंच होतं. जेमायमाबाईने एलियाहू हनाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोलला होता, तो फेडायच्या दिवशीच तो मला घेऊन दारात उभा राहिला. पोहे भिजवले होते, साखर, वेलची, पाच फळं होती. ओला नारळ मिळाला नव्हता म्हणून दुकानातला सुका कीस घातला होता. नेहेमियाने ताट हातात घेतलं आणि म्हणाला, "शेवटी माझे अर्जच कामाला आले. जमीन मी भिजवून ठेवली होती."

"भिजवली खरी," व्हायोलेट म्हणाली. "कॉलर बघा कोटाची. घ्या, मलिदा घ्या, भावजी. सगळे सुटलो म्हणून सांगते, आणखी घ्या."

तो हसला. मोर्देखाय हसला. म्हातारी तर सकाळपासून हसतच होती. तिची ट्रंक रिकामी होऊन खाटेखाली गेली होती आणि माझ्या खिळ्यावर तिचं लुगडं लटकत होतं. मला कपाटाच्या तळाशी जागा मिळाली.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. कसरीने माझी डावी बाही खाल्ली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा, खिशात डांबराच्या गोळ्या ठेवा आणि बटणं तुटली तर लावून घ्या. वकिलांशी माझं वैर नाही; माझे कितीतरी भाऊबंद त्यांच्या अंगावर आहेत, आणि कोर्टात उभं राहायचं असेल तर त्यांना बोलवावंच लागतं. पण कुणाला कुठे राहायचं आहे, हे आधी त्या माणसाला विचारा. कोटाला त्यातलं काही माहीत नसतं.

त्याच वर्षी थंडीत जेमायमाबाईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर, जाड चष्मा लावून, तिने खिडकीतून पहिल्यांदाच किर्यात गात नीट पाहिलं. तिला ते आवडलं नाही.